लेखक 'अज्ञात' होतो तेव्हा : आपलं लेखन नावाशिवाय फिरू लागलं तर काय करायचं

२०१९ साली मी आईच्या शिवणयंत्रावर एक लेख लिहून फेसबुकवर टाकला. तीन महिन्यांनी तोच लेख मावशीने घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर पाठवला आणि खाली लिहिलं, 'वाचताना डोळे भरून आले गं, तू पण वाच.' माझं नाव कुठेच नव्हतं. शेवटी 'लेखक : अज्ञात' होतं. त्याच्या वर माझा नसलेला एक परिच्छेद कोणीतरी जोडला होता, आईला वृद्धाश्रमात ठेवणाऱ्या मुलींना चार शब्द सुनावणारा. माझी आई त्या वेळी आतल्या खोलीत त्याच यंत्रावर शेजारणीच्या ब्लाउजची बाही जोडत होती.

नाव गेल्याचं वाईट वाटलंच, पण तो परिच्छेद जास्त लागला. मी तो लेख टाकणारं एक मोठं पेज शोधून काढलं आणि खाली तावातावाने कॉमेंट केली. दहा मिनिटांत कॉमेंट उडाली, मला ब्लॉक केलं गेलं, आणि त्या पोस्टचा साधा स्क्रीनशॉटही माझ्याकडे उरला नाही. त्यानंतरच्या वर्षांत माझ्या आणि मैत्रिणींच्या लेखांचा, कवितांचा, फोटोंचा पाठपुरावा करता करता जी पद्धत बसली, ती इथे क्रमाने लिहिते आहे.

आधी पुरावा, मग कॉमेंट

चोरी दिसली की पोस्टला हात लावायचा नाही. लाइक नाही, कॉमेंट नाही, मेसेज नाही. समोरच्याला चाहूल लागली की पोस्ट नाहीशी होते किंवा मागच्या दाराने दुरुस्त होते.

फेसबुकवर पोस्टच्या तारखेवर बोट ठेवलं की ती एकटी पोस्ट उघडते. तिचा दुवा कॉपी करून ठेवा. पेजच्या दुव्यावर भागत नाही, कारण तक्रार नेमक्या पोस्टची करावी लागते. मग स्क्रीनशॉट घ्या, पण त्यात खात्याचं नाव, तारीख, लाइक-शेअरचे आकडे आणि मजकुराची सुरुवात दिसली पाहिजे. लांब मजकूर असेल तर स्क्रीन रेकॉर्डिंग बरं. खात्याच्या मुख्य पानापासून सुरुवात करायची आणि सावकाश खाली सरकत त्या पोस्टपर्यंत यायचं. खात्याचं नाव बदलता येतं, म्हणून पत्त्यातलं मूळ युजरनेमही वेगळं टिपून ठेवा. पोस्टच्या संपादनाचा इतिहास दिसत असेल तर तोही घ्या. नाव आधीपासून होतं की तुमच्या मेसेजनंतर आलं, हे तिथे कळतं.

फेसबुकवर पोस्टची तारीख मागची टाकता येते, हे पुष्कळांना ठाऊक नसतं. त्यामुळे 'आमची पोस्ट तुमच्या आधीची आहे' असं कोणी म्हणालं तर लगेच हबकून जायचं नाही. त्या पोस्टखालची सगळ्यात जुनी कॉमेंट कधीची आहे ते पाहायचं.

उघड पान असेल तर इंटरनेट अर्काइव्हच्या वेबॅक मशीनमध्ये त्याची प्रत साठवून ठेवता येते. तिथे नोंदलेली तारीख आपल्या हातात नसते, म्हणून तिला वजन असतं. फेसबुक-इन्स्टाग्रामची पानं मात्र तिथे बरेचदा नीट उतरत नाहीत, तेव्हा केवळ त्यावर विसंबू नका.

आता आपल्या बाजूचा पुरावा. लेख गूगल डॉक्समध्ये लिहिला असेल तर त्याच्या आवृत्त्यांचा इतिहास वेळेसकट साठलेला असतो. फोटो असेल तर कॅमेऱ्यातली मूळ फाइल, शक्यतो त्याच्या मागचे-पुढचे फोटोही. चोराकडे एकच फोटो असतो, काढणाऱ्याकडे आख्खी रांग असते. वहीतला खाडाखोडीचा कच्चा खर्डा जपून ठेवा. मैत्रिणीला पहिल्यांदा वाचायला पाठवलेला ईमेलसुद्धा कामाला येतो.

हे सगळं एका फोल्डरमध्ये, तारखेनुसार ठेवा. प्रकरण कोर्टापर्यंत गेलंच तर इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत भारतीय साक्ष अधिनियम, २०२३ मधल्या कलम ६३ खालचं प्रमाणपत्र जोडावं लागतं. त्यामुळे स्क्रीनशॉट कोणत्या फोनवर, कधी घेतला याची दोन ओळींची नोंद तेव्हाच करून ठेवलेली बरी. मूळ स्क्रीनशॉट कापू नका, त्यावर लाल गोल करू नका. गोल करायचाच असेल तर दुसऱ्या प्रतीवर करा.

मग बाकीच्या प्रती शोधा. लेखातलं एखादं विशिष्ट, सहसा कोणी लिहिणार नाही असं वाक्य अवतरणचिन्हांत घालून गूगलवर आणि फेसबुकच्या शोधात टाका. पहिलं वाक्य घेऊ नका, तेच सगळ्यात जास्त बदललं जातं. मधलं घ्या. फोटोंसाठी गूगल लेन्स आणि टिनआय, ही चित्रावरून चित्र शोधून देणारी साधनं. कथा असेल तर यूट्यूबवर मुख्य पात्राच्या नावाने शोधा, कारण कथा वाचून दाखवणारे शीर्षक बदलतात, पात्रांची नावं तशीच ठेवतात.

खरंच आपलंच आहे का, आणि आपल्याला हवं काय आहे

हा प्रश्न कटू वाटेल, पण तक्रारीआधी विचारलाच पाहिजे. कल्पनेवर हक्क नसतो, ती मांडण्याच्या रीतीवर असतो. सर्वोच्च न्यायालयाने १९७८ साली आर. जी. आनंद यांच्या खटल्यात हे स्पष्ट केलं. 'आईचं शिवणयंत्र' हा विषय माझ्या मालकीचा नाही, माझी वाक्यं आहेत. पुरणपोळीच्या साहित्याची यादी कोणाचीच नाही, पण कृती सांगताना तुम्ही लिहिलेला मजकूर आणि काढलेला फोटो तुमचा आहे. परीक्षणासाठी किंवा टीकेसाठी कोणी चार ओळी नावासकट उद्धृत केल्या तर ती चोरी नव्हे. कॉपीराइट कायद्याचं कलम ५२ त्याला मोकळीक देतं. आणि शेअरचं बटण दाबून तुमचीच पोस्ट पुढे नेणाऱ्याशी भांडू नका, त्यात तुमचं नाव सोबत जातंच.

फोटोग्राफरांनी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. पैसे घेऊन कोणाच्या सांगण्यावरून फोटो काढला असेल, लग्नाचा म्हणा, तर वेगळा करार नसल्यास त्याचा पहिला मालक गिऱ्हाईक असतो. नोकरीत, कामाचा भाग म्हणून केलेल्या लेखनाचंही साधारण तसंच. पण मालकी दुसऱ्याकडे गेली तरी कलम ५७ खाली 'हे मी केलं' असं म्हणण्याचा हक्क कर्त्याकडेच राहतो. प्रतिष्ठेला बाध येईल अशी मोडतोड झाली तर तिला हरकत घेण्याचा हक्कही याच कलमात आहे. माझ्या लेखाला जोडलेल्या परिच्छेदाबद्दल मला याच कलमाने धीर दिला.

यानंतर ठरवा, तुम्हाला काय हवंय. नाव हवंय, पोस्ट काढायला हवी आहे, की पैसे हवेत? तिन्हीचे रस्ते वेगळे आहेत. नाव फक्त समोरचा माणूस देऊ शकतो, प्लॅटफॉर्म देत नाही. प्लॅटफॉर्म पोस्ट काढू शकतो. पैसे हवे असतील तर वकील लागतो. पन्नास हजार लोकांनी वाचलेली पोस्ट काढून टाकली तर ते वाचक तुमच्यापर्यंत कधीच पोचत नाहीत, म्हणून लेखनाच्या बाबतीत मी आधी नाव मागते. कथेचं पुस्तक केलं असेल, किंवा चॅनेल तिच्यावर कमावत असेल, तर मात्र मी थेट काढायलाच लावते.

पहिला मेसेज

बहुतेक ॲडमिन चोर नसतात. त्यांना तो मजकूर नावाशिवाय मिळालेला असतो आणि त्यांनी तो तसाच चिकटवलेला असतो. म्हणून पहिला मेसेज खासगीत, थोडक्यात आणि सभ्य शब्दांत पाठवावा. मी साधारण असं लिहिते :

'नमस्कार. आपल्या पेजवर १२ जूनला आलेला शिवणयंत्राचा लेख माझा आहे. तो मी माझ्या खात्यावर ३ मार्च रोजी प्रथम प्रकाशित केला, दुवा सोबत देत आहे. आपल्या पोस्टमध्ये माझं नाव नाही आणि शेवटचा परिच्छेद मी लिहिलेला नाही. कृपया पहिल्या ओळीत माझं नाव व मूळ दुवा द्यावा आणि तो परिच्छेद काढावा. ते शक्य नसेल तर पोस्ट काढून टाकावी. उद्या संध्याकाळपर्यंत उत्तराची वाट पाहते. हा लेख आपल्याला कुठून मिळाला तेही कळवलंत तर मदत होईल.'

'पहिल्या ओळीत' हे शब्द महत्त्वाचे. नाहीतर नाव चाळिसाव्या कॉमेंटमध्ये येतं आणि ते कोणी वाचत नाही. मुदत नेमकी द्या. 'चोर' हा शब्द वापरू नका, तुरुंगाची धमकी देऊ नका. आपली बाजू कच्ची निघाली तर बिनबुडाच्या धमकीविरुद्ध कॉपीराइट कायद्याच्या कलम ६० खाली समोरचाच कोर्टात जाऊ शकतो.

शेवटचा प्रश्न, 'कुठून मिळाला', तो मी कधीच गाळत नाही. त्या धाग्याने मागे जात मी एकदा चार पेजं ओलांडून, नाव पहिल्यांदा जिथे गळलं त्या पोस्टपर्यंत पोचले होते. तिथे दुरुस्ती झाली की पुढच्यांना पटवणं सोपं जातं.

उत्तर आलं नाही तर

मुदत संपली की तक्रार. इथे सगळ्यात जास्त चूक होते ती प्रकार निवडण्यात. पोस्टवरच्या तीन ठिपक्यांतून 'स्पॅम' किंवा 'आवडलं नाही' असं काहीतरी दाबलं जातं आणि काहीच घडत नाही. तक्रार बौद्धिक संपदेच्या, कॉपीराइटच्या सदरातच करायची. ती हक्काच्या मालकाने किंवा त्याने नेमलेल्या माणसानेच करायची असते. मैत्रिणींना 'सगळ्यांनी रिपोर्ट करा' असं सांगून कॉपीराइटची तक्रार भक्कम होत नाही. मैत्रिणींना प्रती शोधायच्या कामाला लावा, तक्रार एकटीने करा.

फेसबुक आणि इन्स्टाग्राम दोन्ही मेटाचे. त्यांच्या मदत केंद्रात कॉपीराइटचा फॉर्म आहे आणि एकाच फॉर्ममध्ये अनेक दुवे देता येतात. मूळ पोस्टचा दुवा, चोरीच्या पोस्टचे दुवे आणि दोन-तीन वाक्यांत म्हणणं, एवढं पुरतं. माझा अनुभव असा की म्हणणं साध्या इंग्रजीत लिहावं आणि मराठी मजकुरातल्या सारख्या ओळी खाली एकाखाली एक मांडून दाखवाव्यात, मराठी न येणाऱ्या माणसालाही अक्षरं जुळताना दिसतात. तुमचं नाव आणि ईमेल समोरच्याला कळवला जाऊ शकतो, म्हणून तक्रारींसाठी वेगळा ईमेल ठेवा. विशेषतः बायकांना मी हे आग्रहाने सांगते. तक्रार क्रमांक आलेला ईमेल पुसू नका.

पेज चालवणाऱ्यांना आणखी एक गोष्ट कळवता येते. इन्स्टाग्रामने एप्रिल २०२४ मध्ये आणि फेसबुकने जुलै २०२५ मध्ये जाहीर केलं की सतत दुसऱ्यांचा मजकूर उचलणाऱ्या खात्यांचा प्रसार कमी केला जाईल. फेसबुकने अशांची कमाई रोखण्याचंही सांगितलं. कायद्याची कलमं सांगून न हललेला एक ॲडमिन हे वाचून तासाभरात हलला.

यूट्यूबची पद्धत सगळ्यात आखीव आहे. यूट्यूब स्टुडिओतून काढण्याची विनंती करता येते, तिथे खरं पूर्ण नाव लागतं. विनंती लगेच लागू करायची की सात दिवसांची मुदत द्यायची, हे निवडता येतं. सात दिवसांत समोरच्याने स्वतः व्हिडिओ काढला तर त्याला स्ट्राइक, म्हणजे नियमभंगाची नोंद, बसत नाही. नवख्या मुलामुलींच्या चॅनेलला मी ही मुदत देते. ९० दिवसांत तीन स्ट्राइक बसले तर चॅनेल बंद होऊ शकतं, ती शिक्षा एका न कळत वाचलेल्या कथेसाठी फार मोठी आहे. तुमची कथा कोणी स्वतःच्या आवाजात वाचली किंवा हिंदीत अनुवाद करून सांगितली, तरी हक्क तुमचाच. अनुवाद आणि सार्वजनिक सादरीकरण या दोन्हींसाठी परवानगी लागते. तक्रारीत मूळ कृती 'लिखित साहित्य' आहे हे लिहा आणि व्हिडिओत कितव्या मिनिटापासून तुमचा मजकूर सुरू होतो ते सांगा.

समोरच्याने प्रतिवाद, म्हणजे 'माझा व्हिडिओ चुकून काढला' असा दावा, दाखल केला तर खेळ बदलतो. अमेरिकेच्या १९९८ च्या डीएमसीए या डिजिटल कॉपीराइटच्या कायद्यानुसार चालणारी ही पद्धत आहे. यूट्यूबवर तुम्हाला अमेरिकेतले कामकाजाचे १० दिवस मिळतात. त्यात कोर्टात गेल्याचा पुरावा दिला नाही तर व्हिडिओ परत येऊ शकतो. म्हणून खोटी किंवा अर्धवट तक्रार करू नका, त्याने तुमचंच खातं अडचणीत येतं.

एक्सवरही (पूर्वीचं ट्विटर) असाच फॉर्म आहे. तिथल्या तक्रारीची प्रत समोरच्याकडे जाते, हे धरून चाला.

व्हॉट्सॲपचं मात्र मन घट्ट करून ऐका. फॉरवर्ड झालेला मेसेज परत ओढता येत नाही. संदेश एन्क्रिप्टेड असतात, कंपनीला ते दिसत नाहीत. चॅनेल सार्वजनिक असतं, त्याची तक्रार होते; ग्रुपांतल्या फॉरवर्डचं काय करणार? मी एकच उपाय करते. नावासकटची, मूळ दुव्याची नीटस आवृत्ती तयार ठेवते आणि निनावी प्रत ज्या ग्रुपवर दिसेल तिथे लगेच पाठवते, रागाचा एकही शब्द न लिहिता : 'हा लेख माझा आहे, पुढे पाठवायचा असेल तर ही प्रत पाठवावी.' लोक पाठवतात. २०२० पासून फार वेळा फॉरवर्ड झालेला मेसेज एका वेळी एकाच ठिकाणी पाठवता येतो, आणि ताजी प्रत पाठवणं सोपं पडतं, एवढा फायदा तुमच्या बाजूला आहे.

निनावी फॉरवर्ड छापील पुरवणीत किंवा सोसायटीच्या स्मरणिकेत 'सोशल मीडियावरून साभार' म्हणून छापले जातात. तिथे संपादकांना पत्र लिहून पुढच्या अंकात शुद्धिपत्र मागा, आणि अंक विकत घेऊन जपून ठेवा. 'साभार' हा शब्द परवानगी नव्हे, हे पत्रात शांतपणे लिहा.

कायद्याची पायरी

भारतात हक्क आपोआप मिळतो, त्यासाठी नोंदणी सक्तीची नाही आणि ते गोल सी-चं चिन्हही लागत नाही. कॉपीराइट कायदा १९५७ चा आहे. लेखकाच्या हयातीत आणि त्याच्यानंतर ६० वर्षं हक्क टिकतो.

कलम ५२(१)(सी) आणि २०१३ च्या नियमावलीतला नियम ७५ यांखाली प्लॅटफॉर्मला लेखी तक्रार देता येते. खात्री पटल्यास त्यांनी ३६ तासांत तो मजकूर २१ दिवसांसाठी बंद ठेवायचा असतो. पण त्या तक्रारीत 'मी दावा दाखल करून २१ दिवसांत कोर्टाचा आदेश आणेन' अशी हमी द्यावी लागते. कोर्टात जायची तयारी नसेल तर हा रस्ता घेऊ नका, कंपनीचा फॉर्मच वापरा. कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याने दाद दिली नाही तर ३० दिवसांत केंद्र सरकारच्या तक्रार अपील समितीकडे ऑनलाइन जाता येतं.

कोणी तुमचं लेखन विकत असेल, त्याचं पुस्तक किंवा ॲप केलं असेल, तर वकिलाला भेटा. दावा तुम्ही राहता तिथल्या जिल्हा न्यायालयात लावता येतो, समोरचा दिल्लीत असला तरी. दिवाणी दाव्याची मुदत तीन वर्षं. कॉपीराइट कायद्याच्या कलम ६३ खाली सहा महिने ते तीन वर्षं कैद आणि ५० हजार ते दोन लाख रुपये दंड आहे, आणि हा गुन्हा दखलपात्र, म्हणजे पोलिसांना थेट नोंदवता येणारा, असल्याचं सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये सांगितलं. तरीही एका फेसबुक पोस्टसाठी पोलीस ठाण्याची पायरी चढू नये, असं माझं मत आहे. वकिलाची फी परवडत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जा. १९८७ च्या कायद्यानुसार स्त्रियांना तिथे उत्पन्नाची अट न लावता मोफत मदत मिळते.

चोरीच्या आधी

आपल्या संतकवींनी अभंगाच्या शेवटच्या चरणात नाव गुंफलं. 'तुका म्हणे', 'नामा म्हणे', 'एका जनार्दनी' ही नाममुद्रा काढली तर चरण मोडतो. तरीही सालोमालो निघालेच. दुसऱ्याचं ते आपलं म्हणणाऱ्या, संतांची वचनं मोडून स्वतःला सजवणाऱ्या सालोमालोवर तुकोबांनी अभंग लिहिला आहे, आणि सालोमालो तुकोबांच्या अभंगांतलं 'तुका म्हणे' काढून आपलं नाव घालायचा असं परंपरा सांगते. शेवटी असलेलं नाव बदलणं तेव्हाही सोपं होतं, आता तर एका बोटाचं काम आहे.

म्हणून मी नाव लेखाच्या पोटात ठेवते. एखाद्या संवादात आई मला नावाने हाक मारते, गावाचं नाव मध्ये कुठेतरी येतं. ते काढायला वाक्य पुन्हा लिहावं लागतं, आणि कॉपी करणारा तेवढे कष्ट घेत नाही. कविता चित्रावर टाकलीत तरी गूगल लेन्स देवनागरी वाचून मजकूर बाहेर काढतं, तेव्हा चित्रावर भिस्त ठेवू नका. फोटोवर नाव कोपऱ्यात टाकलं की कापलं जातं, ते विषयाच्या अंगावरून फिकट जाऊ द्या. मोठ्या आकाराची मूळ फाइल कधीच अपलोड करू नका.

जे लेखन पुढे पुस्तकात जाणार आहे ते कॉपीराइट कार्यालयात नोंदवा. अर्ज ऑनलाइन होतो, साहित्यकृतीचं शुल्क ५०० रुपये आहे, आणि हरकतींसाठी ३० दिवस थांबावं लागतं. कोर्टात ती नोंद प्रथमदर्शनी पुरावा मानली जाते. पाकिटात लेख घालून स्वतःलाच पोस्टाने पाठवण्याची युक्ती मात्र सोडून द्या, ती या नोंदणीची जागा घेत नाही.

आपण पुढे पाठवताना

नाव नसलेला एखादा लेख आवडला तर मधलं एक वाक्य अवतरणचिन्हांत घालून शोधा. बरेचदा पाच मिनिटांत मूळ पोस्ट सापडते. मग तीच शेअर करा. नाहीच सापडली आणि पाठवायचाच असेल, तर खाली 'अज्ञात' लिहू नका. तो शब्द मजकुराला चिकटतो आणि पुढे कोणी शोधत नाही. त्याऐवजी लिहा, 'लेखकाचं नाव कोणाला माहीत असेल तर कृपया कळवा.'

माझी मावशी आता हेच वाक्य लिहिते. गेल्या दिवाळीत तिने किल्ल्यावरचा एक लेख असाच पाठवला होता. तिसऱ्या दिवशी ग्रुपमधल्या एका भाच्याने नाशिकच्या एका निवृत्त शिक्षकांचं नाव आणि मूळ दुवा आणून दिला. मावशीने तो लेख पुन्हा पाठवला, या वेळी पहिल्या ओळीत गुरुजींच्या नावासकट.